'ब्लायमी', 'गॉ ब्लायमी' की 'गोर ब्लायमी'? उच्चार, अर्थ आणि उगम

चाफेकळी :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. कथा लंडनच्या ईस्ट एंडमधली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. नायक गोदीत ओझी वाहणारा, बोलणं अस्सल कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनमधल्या कष्टकऱ्यांची बोली. आश्चर्य वाटलं की 'ब्लायमी', चिडला की 'ब्लायमी', पोरगी आवडली तरी 'ब्लायमी'. कधी त्याच्या आधी 'गोर' लागतं, कधी 'कोर'. स्पेलिंगचाही काही मेळ नाही. बहुतेक जागी शेवटी ई आणि वाय, एका जागी नुसता वाय, आणि एका पानावर 'गोर' आणि 'ब्लायमी' जोडून एकच शब्द केलाय.

देवनागरीत हे लिहायचं कसं? मुळात ही शिवी आहे, देवाचा धावा आहे की नुसता उद्गार? आणि मराठीत याच्या जागी काय ठेवायचं? संपादकांनी 'अरे बापरे' सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. 'अरे बापरे' माझी आजीही म्हणायची. या माणसाच्या तोंडी ते घातलं की तो गोदीतून उठून थेट सदाशिव पेठेत येऊन बसतो.

सव्वानऊची_लोकल :
आयला! हाच माझा प्रतिसाद आणि हेच उत्तर.

उगाच_एक :
+१. 'च्यायला'सुद्धा चालेल. हा माणूस मुंबईच्या गोदीत असता तर दुसरं काय म्हणाला असता?

हॅरोकर :
चाफेकळी, आधी उच्चाराचं बघू, कारण तिथेच बहुतेक मराठी अनुवाद फसतात.

'गोर' आणि 'कोर' यांतला र म्हणायचाच नाही. लंडनच्या आणि एकूणच दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतर आलेला र उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथल्या लेखकांना लांब 'ऑ' दाखवायचा असला की ते बिनदिक्कत ओ-आर लिहितात. वाचणाराही तिथलाच असल्यामुळे तो 'गॉ' असंच वाचतो. कॉकनी माणूस 'गॉड'मधला ऑ लांबवून 'गॉSड' म्हणायचा, त्यातला ड पुढच्या शब्दात बुडाला आणि राहिला 'गॉ'. तोच कागदावर 'गोर' झाला. 'कोर' म्हणजे त्याच 'गॉ'चा आणखी एक बदललेला उच्चार, म्हणून तोही 'कॉ'.

हीच भानगड एका देशाच्या नावात आपल्या रोजच्या वापरात आहे. 'म्यानमार'मधला शेवटचा र बर्मी भाषेत नाहीच. आधीचा आ लांब आहे एवढंच सांगायला इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो घातला गेला, आणि आपण र म्हणणारे लोक तो आज ठसक्यात उच्चारतो.

तेव्हा देवनागरीत 'गॉ ब्लायमी' किंवा 'कॉ ब्लायमी' लिहा. 'गोर ब्लायमी' म्हणजे नुसतं लिप्यंतर होईल, तो माणूस काय बोलला ते त्यात ऐकू येणार नाही. स्पेलिंगचं म्हणाल तर आज ई-वायचं रूप रूढ आहे. नुसत्या वायचं रूप जुन्या छपाईत सापडतं. बोलीतला शब्द कानावरून कागदावर आला, त्यामुळे ज्याला जसा ऐकू आला तसा त्याने लिहिला.

शब्दवेडा :
हॅरोकरांनी छान सांगितलं. आता पुढचा तुकडा.

'ब्लायमी' म्हणजे 'ब्लाइंड मी'. पूर्ण वाक्य 'गॉड ब्लाइंड मी', देव मला आंधळा करो. 'ब्लाइंड'मधला ड भरभर बोलताना गळला, न पुढच्या मला चिकटून त्यातच विरला आणि 'ब्लायमी' तयार झालं. छापील नोंदी १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. गंमत म्हणजे बारेर आणि लेलँड यांच्या १८८९ च्या बोलीकोशात हा शब्द येतो तो 'उघड अर्थ नसलेला अपमानकारक शब्द' अशा आशयाने. म्हणजे तोवर बोलणारे आणि कोश करणारे दोघेही मूळ वाक्य विसरून गेले होते.

पण 'देव मला आंधळा करो' असं माणूस स्वतःबद्दलच का म्हणेल? कारण त्याच्या आधीचं अर्धं वाक्य कुणी बोलत नाही. 'मी खोटं बोलत असेन तर देव मला आंधळा करो.' ही शपथ आहे. म्हणून सव्वानऊची_लोकल आणि उगाच_एक, तुमच्या 'आयला', 'च्यायला'शी माझं भांडण आहे. त्या शिव्यांच्या शेपट्या आहेत, आणि ब्लायमी ही शपथेची शेपटी. मराठीत याला एकच शब्द बसतो. आईशप्पथ!

भानुविलास :
मी 'गॉड ब्लेम मी' असं ऐकलंय. देव मला दोष देवो. अर्थही सरळ लागतो.

शब्दवेडा :
भानुविलास, ते काही जुन्या पुस्तकांत सापडतं. पण 'ब्लेम'मधून 'ब्लाय' असा स्वर कसा निघाला हे सांगावं लागेल. 'ब्लाइंड'मध्ये तो आधीच बसलेला आहे. शिवाय 'माझे डोळे जावोत' ही इंग्रजीत जुनी आणि प्रचंड वापरातली शपथ. 'डॅम माय आइज' हे तर खलाशांचं नेहमीचं बोलणं. डोळ्यांचीच शपथ घेणारे लोक आहेत हे.

भानुविलास :
कॉकनी माणूस 'ए'चा 'आय' करतो ना? 'टुडे'चं 'टुडाय', 'रेन'चं 'राइन'. मग 'ब्लेम'चं 'ब्लाइम' होणारच.

हॅरोकर :
भानुविलास यांचा मुद्दा कानाच्या दृष्टीने बिनतोड आहे. कॉकनीत ए खरोखरच आयकडे झुकतो. पण मग तोच माणूस मूळच्या 'आय'ला 'ऑय'कडे नेतो, आणि कॉकनी तोंडी तुम्हाला 'ब्लॉयमी'च्या जवळचं काहीतरी ऐकू येतं. म्हणजे शब्दात मूळचा आय असावा, ए नव्हे. कोशांनीही कौल 'ब्लाइंड'लाच दिलाय.

खडकी_बाजार :
'लाइमी' म्हणजे इंग्रज माणूस, तो शब्द यातूनच आला का?

हॅरोकर :
नाही. इंग्रज खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबाच्या जातीच्या फळाचा रस द्यायचे, त्यावरून त्यांना 'लाइम-जूसर' म्हणत. 'लाइमी' त्याचं लाडकं रूप. दोन शब्द शेजारी ठेवले तर भाऊ वाटतात, पण घराणी वेगळी.

सव्वानऊची_लोकल :
शब्दवेडा, 'आयला' शिवी कशी? माझ्या आईसमोर मी म्हणतो आणि ती 'काय झालं' म्हणून विचारते, रागावत नाही.

प्राकृत :
तेच तर बघण्यासारखं आहे. 'तुझ्या आयला' किंवा 'तिच्या आयला' असं काहीतरी पूर्ण वाक्य होतं, पुढचं क्रियापद आपण सगळे जाणतो आणि कुणीही ते बोलत नाही. मग डोकंही गेलं. 'तिच्यायला'चं 'च्यायला' झालं, मग 'आयला' राहिलं. तिकडे 'गॉड ब्लाइंड मी'चं डोकं उडून 'ब्लायमी' उरलं, अगदी तसंच. दोन्हीकडे ज्याच्यामुळे बोलणं दाहक होतं तोच भाग लोकांनी आधी काढून टाकला.

याहून सोवळं उदाहरण हवं असेल तर 'हात्तिच्या!' घ्या. शाळेतल्या बाईंच्या तोंडी सर्रास असतो. 'हात् तिच्या' एवढंच आहे ते, आणि 'तिच्या'नंतर काय येतं ते वर सांगितलंच. हिंदीतलं 'हत् तेरे की' हे याचंच भावंड. षष्ठीचा प्रत्यय लावून वाक्य हवेत सोडून द्यायचं ही आपली जुनी युक्ती.

नथीचा_आकडा :
हात्तिच्या!! मी रोज तिसरीच्या वर्गात हे म्हणते. आता उद्यापासून काय म्हणू?

प्राकृत :
नथीचा_आकडा, खुशाल म्हणा. आता त्या शब्दात शिवी उरलेली नाही. देवळाच्या पायरीवरचं नाव झिजून जातं आणि पायरी राहते, तसं झालंय त्याचं.

चाफेकळी :
वा, धागा भलताच रंगला. हॅरोकर, र चा मुद्दा माझ्या फार उपयोगाचा आहे. मी कच्च्या खर्ड्यात सगळीकडे 'गोर' लिहिलं होतं, ते काढते आहे. पण मग एक विचारते. इंग्रजांनी देवाचं नाव एवढं का मोडलं? 'गॉश', 'गॉली' हेही तसलेच ना?

शब्दवेडा :
हो, 'गॉश' आणि 'गॉली' म्हणजे 'गॉड'. 'जी' आणि 'जीझ' म्हणजे 'जीझस'. 'क्रायकी' म्हणजे 'क्राइस्ट'. 'डार्न' म्हणजे 'डॅम', 'हेक' म्हणजे 'हेल'. 'ड्रॅट' म्हणजे 'गॉड रॉट', देव कुजवो, त्यातला सुरुवातीचा ग गळून. 'स्ट्रूथ' म्हणजे 'गॉड्स ट्रूथ'. 'लमी' म्हणजे 'लॉर्ड लव्ह मी', ते तुमच्या नायकाच्या तोंडी 'कॉ लमी' असं जोडूनही येऊ शकेल.

कारण बायबलच्या दहा आज्ञांमध्ये आहे. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. शपथ घ्यायची तर देवाची घ्यायची, आणि व्यर्थ घेतली तर पाप. मग माणसं अर्धं नाव घेऊन थांबतात.

यात कायदाही होता. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने नाटकांवर बंधन आणलं. रंगमंचावर देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचं नाव थट्टेने वा अवमानकारक रीतीने घेतलं तर दर वेळेला १० पौंड दंड. त्या काळी ही रक्कम मोठी होती. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या दोन जुन्या छापील प्रती शेजारी ठेवल्या तर त्याची खूण दिसते. १६२२ च्या प्रतीत पहिल्याच प्रवेशात इयागो ब्राबान्शिओला ओरडून सांगतो, 'झाउंड्झ सर, तुम्ही लुटले गेलात'. 'झाउंड्झ' म्हणजे 'गॉड्स वून्ड्झ', देवाच्या जखमांची शपथ. १६२३ च्या मोठ्या संग्रहात तो 'झाउंड्झ' गायब आहे, नुसतं 'सर' उरलंय. म्हणजे नाव आधीच मोडून घेतलेलं, तरी तेवढंही चाललं नाही.

म्हापशाची_पणती :
आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती शेजारणी एखादी भयंकर बातमी ऐकली की कपाळाला हात लावून म्हणतात, 'सायबा भोगोस!' प्रभू, क्षमा कर. तिथे नाव मोडायची गरज पडत नाही, कारण ती खरीच प्रार्थना असते. मला वाटतं फरक इथेच आहे. नाव मनापासून घेतलं की पूर्ण घेता येतं. उगाच तोंडी लावायला घेतलं की माणूस चाचरतो.

प्राकृत :
पणतीताई, फार चांगला मुद्दा. आता आपल्याकडचं बघा. आपल्या परंपरेत देवाचं नाव व्यर्थ जातच नाही! भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ मरताना आपल्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारतो, देवाला नव्हे, तरी तरतो. वाल्मीकी 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम'पर्यंत पोचल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. ज्या समाजात चुकून घेतलेलं नावही तारतं, तिथे 'अरे रामा', 'शिव शिव', 'अगं देवा' हे उद्गार पूर्णच राहणार. त्यांना मोडायचं कारणच काय?

आपण मोडलं ते आईला. 'आयला', 'मायला', 'च्यामारी', मालवणीत 'आयचो घो'. इंग्रजांना देवाच्या नावाचा धाक वाटला, आपल्याला आईच्या. ज्याचा धाक, त्याचंच नाव अर्ध्यावर तुटतं.

उगाच_एक :
प्राकृत, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

नथीचा_आकडा :
पण मग 'आईशप्पथ' पूर्ण कसं राहिलं? त्यातही आईच आहे.

शब्दवेडा :
नथीचा_आकडा, कारण तिथे आईची अवहेलना नाही, तिला पणाला लावणं आहे. म्हणून तर मोठी माणसं दटावतात, 'आईची शपथ घेऊ नये, आईला लागते'. आणि लहानपणी कुणी शपथ घातली की ती उतरल्याशिवाय चैन नसायचं. 'सुटली म्हण, आधी सुटली म्हण!' जिला सोडवावं लागतं ती शपथ जिवंत असते. कॉकनी 'ब्लायमी'ची शपथ कधीच सुटून गेली. आज इंग्लंडमध्ये कुणाला ती म्हणताना डोळ्यांची भीती वाटत नाही.

खडकी_बाजार :
आमच्या लहानपणी 'गळ्याशप्पथ' होती, त्यात गळ्याला चिमूट लावायची. 'विद्येची शपथ' सर्वांत जड. ती घेऊन खोटं बोललं की परीक्षेत नापास ही पक्की खात्री.

मेलबर्नची_माई :
मी इकडे ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं आहे म्हणून थोडं अवांतर. 'क्रायकी' जगभर पोचला तो स्टीव्ह अर्विनमुळे. मगरीच्या जबड्याजवळ बसून तो ज्या आनंदाने 'क्रायकी!' म्हणायचा तसा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या उद्गारात ऐकला नाही. २००६ साली स्टिंगरेच्या काट्याने तो गेला तेव्हा इथे घरातलं माणूस गेल्यासारखं वातावरण होतं. पण शब्द मात्र त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, १९व्या शतकातल्या इंग्लंडमधला. इथे 'स्ट्रूथ' आणि 'स्टोन द क्रोज' जुन्या शेतकऱ्यांकडून ऐकलेत. तरुण पोरांच्या तोंडी यातलं फारसं काही येत नाही, हे खेदाने सांगते.

हॅरोकर :
माई, लंडनमध्येही तीच कथा. चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जन्मला तो खरा कॉकनी, अशी जुनी व्याख्या. आता त्या टापूत बँका आणि कचेऱ्या आहेत, जन्म फारसे होत नाहीत. जुनी कॉकनी कुटुंबं युद्धानंतर एसेक्सकडे सरकली. ईस्ट एंडमधल्या आजच्या पोरांची बोली वेगळी आहे, तिच्यात जमैकन, बंगाली, आफ्रिकन असं बरंच मिसळलंय. 'ब्लायमी' त्यांच्याकडे नाही. तो आता मध्यमवर्गीय आजोबांकडे आणि मुलांच्या पुस्तकांमध्ये राहायला गेलाय. गोदीतल्या हमालाचा शब्द एवढा सभ्य झालाय की शिक्षकही वर्गात वापरतात.

आणि एक राहिलं. 'गॉडन बेनेट!' हा उद्गार ऐकलाय का कुणी? स्पेलिंगमध्ये 'गॉर्डन', र अर्थातच मुका. हा खरा माणूस. जेम्स गॉर्डन बेनेट धाकटा, 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा मालक. आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन या संशोधकाला शोधायला स्टॅन्ली या बातमीदाराला तिकडे पाठवलं ते याने, आणि ती भेट १८७१ साली झाली. मोटारींच्या आणि बलूनच्या शर्यतींना याच्या नावाचे करंडक होते, उधळेपणाचे किस्सेही गाजले होते. लोकांच्या तोंडी त्याचं नाव बसण्याचं कारण सर्वसाधारणपणे असं सांगतात की 'गॉ...' म्हणून सुरुवात झाली, समोर मुलं किंवा पाद्री दिसले, आणि माणसाने तोल सावरून 'गॉ...र्डन बेनेट!' असं पूर्ण केलं.

सव्वानऊची_लोकल :
हे तर आपलं 'आय... आयत्या वेळी आलास!' झालं. मी वडिलांसमोर करतो.

नथीचा_आकडा :
आणि 'भो... भोपळा!'. आमच्या वर्गात ऐकलाय. शोध पोरांचाच.

खडकी_बाजार :
लष्कराचा विषय निघालाच नाही म्हणून मी काढतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना कानपट्ट्या खाली घेता येणारी मऊ टोपी मिळाली. ताठ टोपीच्या मानाने ती इतकी गबाळी दिसे की तिचं नावच 'गॉ ब्लायमी' पडलं. चाफेकळी, तुमचा नायक त्या पिढीचा असेल तर त्याने ती घातलेलीही असू शकेल.

आणि ज्या सैनिकांनी हे नाव दिलं त्यांच्या तोंडी आपले शब्दही होते. 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, इंग्लंड. तो आला 'विलायती'वरून, 'बिलायती' या रूपातून, हिंदुस्थानातल्या पलटणींमार्फत. घरी पाठवण्याइतपत जखम झाली की त्या जखमेलाच 'ब्लायटी' म्हणायचे. 'डेको' म्हणजे एक नजर टाकणं, आपलं 'देखो'. आता 'ब्लायमी' आणि 'ब्लायटी' शेजारी ठेवा. एक लंडनच्या गल्लीतला, दुसरा आपल्या छावणीतला, आणि दोन्ही एकाच खंदकात.

प्राकृत :
खडकी_बाजार, हा तुमचा प्रांत आहेच तर 'हॉब्सन-जॉब्सन' सोडून कसं चालेल? यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश, १८८६ चा. त्याचं शीर्षकच एक उद्गार आहे. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटून 'या हसन! या हुसेन!' म्हणत. गोऱ्या सोल्जरांच्या कानाला ते कळेना, त्यांनी त्याला 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. दोन अस्सल इंग्रजी आडनावं! आधीच्या काळातल्या नोंदींत याची आणखीही विचित्र रूपं आहेत. परक्या शब्दाला आपल्या भाषेच्या साच्यात दाबून बसवण्याला भाषाशास्त्रात पुढे हेच नाव मिळालं.

आणि आपणही उट्टं काढलंच. पहारेकऱ्याचं 'हू कम्स देअर'चं आपण 'हुकुमदार' केलं, 'टम्बलर'चं 'टमरेल' केलं आणि ते कुठे नेऊन ठेवलं ते सांगायला नको.

म्हापशाची_पणती :
चाफेकळींच्या प्रश्नाकडे परत येऊया का? मला वाटतं एक वाट आधीच घातलेली आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली एलायझा ही कॉकनी फुलवाली. १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर तिने 'ब्लडी' शब्द उच्चारला म्हणून केवढा गहजब झाला होता. पु.लं.नी त्याची 'ती फुलराणी' केली तेव्हा त्यांनी कॉकनीचं भाषांतर केलं नाही, लंडनच बाजूला ठेवलं. मंजुळा आपल्या मातीतली, तिची बोली आपली. म्हणून भक्ती बर्वे यांच्या तोंडून ती खरी वाटली.

चाफेकळी :
पणतीताई, ते रूपांतर होतं, त्यांना गाव बदलायची मुभा होती. माझी कथा लंडनमध्येच राहणार. टेम्स, धुकं, गोदी सगळं तिथलं. त्यात 'आयला' आलं की टेम्सची खाडी होते.

उगाच_एक :
खाडीतही गोदी असते हो!

भानुविलास :
'ब्लायमी' तसंच ठेवा की. वाचक आता मालिका बघतात, त्यांना कळतं.

शब्दवेडा :
तसंच ठेवलं तर रंग राहील, अर्थ जाईल. माझा आग्रह 'आईशप्पथ'वर कायम आहे, पण लंडनच्या माणसासाठी त्याचं 'देवाशप्पथ' करा. देवही राहिला, शपथही राहिली, बोलीही राहिली.

प्राकृत :
शब्दवेडा, तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो, मग थांबतो. आपण इतका वेळ शिवी की शपथ म्हणून भांडतोय, पण संस्कृतात दोन्ही एकाच घरातले. 'शाप' आणि 'शपथ' दोन्ही 'शप्' या धातूपासून. शपथ म्हणजे स्वतःला अटीवर दिलेला शाप. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०४व्या सूक्तात वसिष्ठांवर यातुधान, म्हणजे जादूटोणा करणारा, असल्याचा आळ आलेला दिसतो, आणि ऋचा म्हणते, 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि'. मी यातुधान असेन तर आजच मरो. गोदीतला हमाल 'देव मला आंधळा करो' म्हणतो तो नेमका याच जातीचं वाक्य बोलतो. वसिष्ठांनी अट बोलून दाखवली, लंडनकराने ती गिळून टाकली, एवढाच फरक. इंग्रजीतही 'स्वेअर' म्हणजे शपथ घेणं आणि शिवी देणं, दोन्ही.

म्हणून मला 'आयला'वाले आणि 'आईशप्पथ'वाले दोघांचंही म्हणणं पटतं. पण चाफेकळींच्या कथेत कुठे काय बसेल हे वाक्य बघितल्याशिवाय ठरणार नाही. तीन-चार ठिकाणं इथे द्याल का?

चाफेकळी :
देते, माझ्या शब्दांत सांगून. एक, बोटीवरचा अजस्र क्रेट पहिल्यांदा पाहतो तेव्हा. दोन, मुकादम मजुरी कापतो तेव्हा. तीन, मुलगी हसून बघते तेव्हा, तिथे नुसतं 'कॉ!' आहे. आणि चार, शेवटी मित्राचा अपघात झाल्याचं कळतं तेव्हा. तिथे अगदी हळू, पूर्ण 'गॉ ब्लायमी'.

नथीचा_आकडा :
तिसऱ्याला 'अग्गं आई गं!' द्या ना. पुरुषाच्या तोंडी उलट जास्त छान वाटेल.

मेलबर्नची_माई :
दुसऱ्याला शिवीचीच शेपटी हवी. मजुरी कापल्यावर कुणी शपथ घेत नाही.

हॅरोकर :
पहिल्या जागी 'ब्लायमी' तसंच राहू द्या. वाचकाला शब्दाची ओळख होईल आणि उच्चारही कानात बसेल. चौथ्या जागी मात्र इंग्रजी नको. तिथे तो शब्द पुन्हा जागा झालाय, त्या माणसाला देव खरंच आठवलाय. तिथे परकी अक्षरं आली तर वाचक बाहेर राहील.

शब्दवेडा :
हॅरोकरांशी पूर्ण सहमत. आणि चौथ्या ठिकाणी माझं 'देवाशप्पथ'ही मागे घेतो, तिथे शपथ उरलेली नाही. नुसतं 'देवा...' पुरे.

चाफेकळी :
पहिल्याला 'ब्लायमी', दुसऱ्याला 'च्यायला', तिसऱ्याला नथीचा_आकडा यांचं 'आई गं', फक्त 'अग्गं' गाळून, चौथ्याला 'देवा'. मधली किरकोळ ठिकाणं 'देवाशप्पथ'ने भागवते. 'च्यायला' टेम्सवर चालतं का हे संपादक ठरवतील, पण मुकादमासमोर तो माणूस दुसरं काही बोलेल असं मलाच आता वाटत नाही. 'अरे बापरे' एकदाही येणार नाही. 'लमी' आणि ती टोपी कथेत नाहीत याचं वाईट वाटतंय.

खडकी_बाजार :
टोपीची तळटीप द्या!

भानुविलास :
तळटीप देणार असाल तर 'ब्लेम मी'चाही उल्लेख करा. एक जुनं मत म्हणून तरी.

सव्वानऊची_लोकल :
अंक आला की इथे कळवा. 'च्यायला' छापून आलं का ते मला बघायचंय.